गाडीने हवा धरली

पहिल्या ‘गुळुक’ला अख्खं आवार चिडीचूप झालं.

इमारतीच्या आवारात, कचऱ्याच्या डब्यांपासून जरा अलीकडे, एक जुनी पांढरी गाडी उभी होती. टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी. इंजिन चालू, काचा खाली आणि भोवती माणसंच माणसं. पुढची बॉनेटला कान लावून वाकली होती, मागची पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावत होती, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नव्हती ती सायलेन्सरपाशी श्रद्धेने खोकत उभी होती.

स्टिअरिंगमागची सीट रिकामी होती. शेजारच्या सीटवर हुंकारबाबा बसले होते. डोळे मिटलेले, दाढी छातीवर, गुडघ्यांवर पांघरलेली शाल थेट खालच्या पायपुसण्यापर्यंत लोळत होती.

“हुंऽऽ,” बाबा म्हणाले. “माते, हे दुकानदार विचारतात. मधली भिंत पाडून दुकान वाढवू का?”

इंजिन आपोआप घुमलं. घुर्रर्र. आणि डॅशबोर्डच्या मागून आवाज आला, “गुळुक.”

“एक घोट!” बाबा गरजले. “एक घोट म्हणजे हो! बघून घ्या, चालकाच्या जागी कुणी आहे? कुणी नाही! मग गाडी कोण चालवतंय?”

“मॅडम चालवतायत!” गर्दी एका सुरात म्हणाली. दुकानदार डोळे पुसत भिंत पाडायला निघून गेले.

नंतर बँकेतल्या बाईंनी बदलीचं विचारलं. घुर्रर्र. “गुळुक, गुळुक.” दोन घोट ऐकताच बाईंची पाठ ताठ झाली आणि त्या पटकन म्हणाल्या, “सॉरी मॅडम, आरसा बघायचा राहिला.” खरं तर त्या भाजीची पिशवी घेऊन जमिनीवर उभ्या होत्या.

त्यांनाही दोष कसा द्यायचा? इमारतीतल्या निम्म्या बायका या गाडीतच चालवायला शिकल्या होत्या. शिकवणाऱ्या मॅडम कधी ओरडायच्या नाहीत. शेजारी बसायच्या, मांडीवर पाण्याची बाटली. शिकणारीने बरोबर केलं की एक घोट पाणी. चुकलं की दोन घोट. तीन घोट म्हणजे गाडी बाजूला घे आणि जरा विचार कर. पाणी पिताना त्यांच्या घशाचा असा काही आवाज यायचा की मागच्या सीटवरच्यालाही निकाल कळायचा.

त्या मॅडम वारल्या होत्या. मागच्या सीटवर, काचेला टेकून, त्यांचे यजमान बसले होते.

यजमानांचं कोपऱ्यावर किल्ल्या बनवायचं दुकान. सगळे त्यांना किल्लीवालेच म्हणायचे. गर्दीतल्या प्रत्येकाने काही ना काही विचारलं होतं; किल्लीवाल्यांनी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. ते नुसते ऐकत होते.

सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती. बायको गेल्यावर गाडी नुसतीच उभी होती. एका सकाळी त्यांना वाटलं, हिने गाडी पोरीसारखी सांभाळली, आपण निदान कूलंट तरी बदलावं. इंजिन थंड ठेवणारं ते रंगीत पाणी. ते काम दरवेळी तीच करायची. किल्लीवाले फक्त बादली धरायचे. त्यांनी जुनं कूलंट बादलीत काढलं, नवीन ओतलं, काठोकाठ दिसलं तसं झाकण घट्ट लावलं. डब्यात बरंचसं उरलं याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला. मग आत बसून त्यांनी गाडी चालू केली, ॲक्सिलरेटरवर थोडा पाय दिला आणि डॅशबोर्डच्या आतून ती पाणी प्यायली.

गुळुक.

पुन्हा पाय दिला. गुळुक. त्यांनी हळूच विचारलं, “अगं?”

घरी येऊन त्यांनी गॅरेजला फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर. थोरली बहीण, अक्का, नेमकी तेव्हा शेजारी बसून शेंगा सोलत होती. पलीकडे गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, त्यामुळे मेकॅनिक ओरडून बोलत होता.

“किल्लीवाले, गाडीने हवा धरलीय!”

अक्काच्या हातातली शेंग खाली पडली. “कसली हवा? बाहेरची?”

“बाहेरचीच की! आतली कुठून येणार?”

“अगं बाई! कधी शिरली म्हणायची?”

“झाकण लावायची घाई केली असणार. घाईघाईत आत अडकून राहिली.”

“घाईतच गेली हो बिचारी,” अक्काने पदर डोळ्यांना लावला. “मग आता?”

“काढावी लागेल. नाहीतर ती तापत जाणार. तापत तापत एक दिवस सगळ्याची वाट लावेल.”

“काढता येते का पण?”

“येते की! तोंड वर करायचं, उघडं ठेवायचं, आणि हळूहळू तापवायचं. तोंडातून बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की मोकळी झाली म्हणून समजा. घेऊन या उद्या!”

अक्काने फोन बंद केला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बघितलंस? गॅरेजवाल्यालासुद्धा कळलं. पण असलं काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यायचं नसतं. बुडबुडे म्हणे तोंडातून! माझ्या ओळखीचे एक आहेत.”

“अक्का, तो बहुतेक गाडीबद्दल बोलत होता.”

“मग मी काय बसबद्दल बोलतेय? गाडीतच तर आहे ती!”

किल्लीवाल्यांनी वाद घातला नाही. वाद घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. त्या दिवसापासून दुकान बंद केलं की ते गाडीत जाऊन बसायचे. इंजिन चालू करायचे, मधूनमधून पाय द्यायचे आणि दिवसभराचं सांगायचे. एक बाई आली होती, तिने स्वतःलाच बाल्कनीत कोंडून घेतलं होतं. गुळुक. पोरीचा फोन आला होता. गुळुक. माझं जेवण? जेवलो की. यावर मात्र दोनदा गुळुक व्हायचं आणि किल्लीवाले खाली मान घालून म्हणायचे, “बरं, उद्या जेवतो.”

एकदा काट्याकडे त्यांचं लक्ष गेलं. गाडी जागेवर उभी होती तरी तापमानाचा काटा वर चढत लाल रेघेला टेकला होता. त्यांनी घाईने इंजिन बंद केलं.

मग हुंकारबाबा आले. पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर बसून त्यांनी पाय लांब केले, तशी गाडी एकदम गरजली. बाबा स्वतःच इतके दचकले की त्यांचं डोकं टपाला आपटलं. पण दचकणं फार काळ टिकलं नाही. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं आणि अक्काला म्हणाले, “हुंऽऽ. एक शाल आणा.”

त्यानंतर रोज दरबार भरायला लागला. बाबांची वाणी तर अशी की ऐकत राहावं.

“भक्तांनो, रेडिएटर म्हणजे काय? शब्द फोडा! रेडी आणि इतर! इतर लोकांत जायला रेडी असलेला आत्मा जिथे थांबतो, ते स्थान म्हणजे रेडिएटर! आणि त्यावरचं झाकण? ती गाडीची टाळू! आता हीटरचं बटण बघा. कुठे आहे? लाल खुणेवर. म्हणजे गरम. आता हात लावा. कसा वारा येतोय?”

“गार!” हात लावणारे ओरडायचे आणि हात मागे घ्यायचे.

“गारच येणार! तो वारा नाही, श्वास आहे! आणि हा काटा बघा, कसा चढतोय. हा दाह आहे दाह! मॅडमना आत दाह होतोय. का होतोय? कारण कुणीतरी त्यांना सोडत नाहीये.” इथे बाबा मागे वळून किल्लीवाल्यांकडे बघायचे. “गाडी आश्रमात द्या. कागदांसकट द्या. तिथे त्या शांत होतील.”

आश्रमात आधीच एक झपाटलेला फ्रिज होता, रडणारी दोन शिलाई मशीन होती, आणि बऱ्यापैकी नवा असा एक टीव्ही होता, ज्याच्यात कुणाचे तरी आजोबा होते. सगळे शांत झाले होते आणि उत्तम चालत होते.

किल्लीवाल्यांना गाडी द्यायची नव्हती. गाडी गेली की घोटही गेला. पण तो काटा त्यांना बघवत नव्हता. दवाखान्यातले शेवटचे दिवस त्यांनी डोळ्यांनी बघितले होते. पुन्हा तिला काही होत असेल आणि ते आपल्या हट्टामुळे होत असेल, तर? ते तयार झाले. आजचा दरबार शेवटचा होता. गाडीची किल्ली गाडीलाच लावलेली होती, कागद अक्काच्या पिशवीत होते.

“हुंऽऽ,” बाबा म्हणाले. “माते, आता शेवटचं विचारतो. आश्रमात यायची इच्छा आहे ना?”

घुर्रर्र.

तेवढ्यात मागून आवाज आला. “बाबा, आधी गाडीतून खाली उतरा!”

पुढच्या सीटवरचे बाबा आणि मागच्या सीटवरचे बाबा, दोघांनीही एकदम दार उघडलं.

“तुम्ही नाही हो,” खांद्याला प्रवासाची बॅग अडकवलेली मुलगी हुंकारबाबांना म्हणाली. “मी माझ्या बाबांशी बोलतेय. तुम्ही बसा. तुमच्याशी नंतर बोलायचंय.”

किल्लीवाल्यांची ही एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी इस्पितळात नर्स होती, डायलिसिसच्या विभागात. ‘आईला निरोप द्यायला ये’ असा अक्काचा फोन गेल्यावर ती रजा टाकून आली होती.

“आत्या, हे काय चाललंय?”

“हळू बोल. तुझी आई आहे आत. गाडी बघ कशी आपोआप गरजते! चालवायला कुणी नाही!”

मुलीने रिकाम्या सीटकडे बघितलं. मग शालीकडे. मग ती गोड आवाजात म्हणाली, “महाराज, तुम्ही असे पाय लोंबकळवत का बसलात? मांडी घाला की. साधना करणारी माणसं मांडी घालतात ना?”

“हो, खरंच की,” अक्का म्हणाली. “मांडी घाला बाबा, नीट बसा.”

गर्दीलाही पटलं. चार जणांनी मदत केली. बाबांचे पाय उचलून सीटवर ठेवले गेले, शाल नीट खोचली गेली.

“आता विचारा,” मुलगी म्हणाली.

“माते, उत्तर दे.”

गाडी नुसतीच थरथरत राहिली.

“माते!”

काही नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. “आज मौन आहे,” ते म्हणाले. मग शालीच्या कडेखालून एक अंगठा बाहेर आला. त्यामागून अख्खं पाऊल आलं आणि चाचपडत चाचपडत खाली जायला लागलं.

“पाय!” एरवी सायलेन्सरपाशी उभे राहणारे आजोबा ओरडले. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पुढे जागा मिळाली होती.

मुलीने शाल ओढली. खाली, बाबांच्या पायांशी, तीन पेडल होती.

“शिकवणीची गाडी आहे ही,” ती म्हणाली. “शिकणाऱ्याकडे तीन, शिकवणाऱ्याकडे तीन. आईनेच मुद्दाम बसवून घेतली होती. तुम्ही सगळ्या हिच्यात शिकलात आणि एकीलाही आठवलं नाही?”

बँकेतल्या बाई ओशाळल्या. “आम्ही समोर बघत होतो गं. मॅडमच सांगायच्या, नजर समोर.”

हुंकारबाबा मात्र खचले नाहीत. ते उडी मारून बाहेर आले. “अविश्वासाने माता कोपली आहे! मी तिला आत्ता मोकळी करतो!” असं म्हणत त्यांनी बॉनेट वर केलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“हात लावू नका!” मुलगी इतक्या जोरात ओरडली की खिडक्यांतून डोकी बाहेर आली. तिने बाबांना दंडाला धरून मागे खेचलं. “आत उकळतंय! तापल्यावर झाकण उघडलं तर वाफ थेट तोंडावर येते. चेहरा सोलून निघेल तुमचा. मग आमच्याकडेच आणतील तुम्हाला.”

बाबांनी फुंकर मारत बोटं झाडली. झाकणाला नुसता स्पर्श होऊनही पुरेसं भाजलं होतं. बोट तोंडात घालून हुंकार काढता येत नाही. ते तसेच फाटकाकडे चालू लागले. शाल मागायलाही थांबले नाहीत.

गर्दी हसत होती. पण किल्लीवाले हसले नाहीत. ते गाडीला टेकून उभे होते.

“पाय त्याचा होता, मान्य,” ते मुलीला म्हणाले. “पण गुळुक त्याचं नव्हतं. तो यायच्या आधी मी एकटा बसायचो. तेव्हाही यायचा आवाज. हुबेहूब हिचा. तो कुणाचा?”

मुलीने इंजिन बंद केलं. “बाबा, कूलंट तुम्ही बदललंत ना? जुनं किती निघालं?”

“बादली भरली जवळजवळ.”

“आणि नवीन किती गेलं?”

“बरंच कमी. अर्धा डबा उरला. मला वाटलं, वाचलं.”

“जेवढं निघालं तेवढं गेलं नाही. मग उरलेल्या जागेत काय आहे?”

किल्लीवाल्यांनी डॅशबोर्डकडे बघितलं. आयुष्यभर कुलुपांच्या पोटात काय अडकलंय हे शोधणारा माणूस तो. त्यांना समजलं होतं, फक्त म्हणवत नव्हतं.

“हवा,” ते शेवटी म्हणाले.

“हवा!” अक्काने टाळी वाजवली. “मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय!”

“आत्या, श्वास घेतो ती हवा. टायरमधली हवा.” मुलीने डोक्याला हात लावला. “माझ्या मशिनला बारीक नळ्या असतात. पेशंटला जोडायच्या आधी आम्ही त्यांतली सगळी हवा काढतो, टिचक्या मारून मारून. एक बुडबुडा राहिला तरी मशीन बोंब मारतं. इथे तसंच झालंय. हीटरच्या नळ्या डॅशबोर्डच्या मागे असतात. तिथे हवा अडकली. मग गरम पाणी तिथवर पोचत नाही, म्हणून वारा गार. इंजिनाला पाणी पुरत नाही, म्हणून काटा वर. आणि पाय दिला की पंप जोरात फिरतो, पाणी त्या हवेतून ढकललं जातं. बाटलीतून घशात जातं तसं. म्हणून गुळुक.”

“मग माझी भिंत?” दुकानदार अंगभर चुना घेऊन परत आले होते. “मी पाडली ना!”

“ती तुम्ही पाडलीत,” मुलगी म्हणाली. “हवेला दुकानातलं काय कळतं?”

इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावं लागलं. बरेच जण घरी गेले. आवारातून रस्त्यावर जाणारा चढ होता, त्यावर चार जणांनी ढकलून गाडीचं नाक वर करून ठेवलं आणि मागच्या चाकांना दगड लावले. मुलीने मेकॅनिकला फोन करून एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. तोंड वर, झाकण उघडं, हळूहळू तापवायची. या वेळी पत्रा ठोकला जात नव्हता. अक्का ऐकत होती आणि तिचे कान लाल होत होते.

एका रिकाम्या बाटलीचं बूड कापून तिने ती रेडिएटरच्या तोंडात उलटी बसवली, वरून कूलंट भरलं. हीटरचं बटण लाल खुणेवर.

“चालू करू?”

“राहू दे ना,” किल्लीवाले म्हणाले.

“काय?”

“राहू दे. गुळुक करते तर करू दे. मी कुठे लांब नेणार आहे? रोज संध्याकाळी नुसता बसत जाईन.”

मुलगी त्यांच्याजवळ आली. “बाबा, इंजिन जळेल. आईची गाडी आहे.” मग ती हळूच म्हणाली, “आणि मला काय वाटत नाही का? मी फाटकातून आत शिरत होते तेव्हा दोनदा गुळुक झालं. मला वाटलं, उशीर केला म्हणून रागावली.”

किल्लीवाले चालकाच्या सीटवर जाऊन बसले. नंतर त्यांनीच गाडी चालू केली आणि बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. पाणी तापलं तशी रेडिएटरकडे जाणारी जाड नळी गरम झाली. मुलीने दाखवलं तसं कापडात धरून त्यांनी ती दाबली, सोडली. दाबली, सोडली. उलट्या बाटलीत एक मोठा बुडबुडा आला, फुटला आणि पाण्याची पातळी सर्रकन खाली गेली.

“जा गं बाई, सुखाने जा,” अक्का बुडबुड्याला म्हणाली.

“आत्या!”

“सवय झालीय गं.”

मुलगी डब्यातलं उरलेलं कूलंट ओतत राहिली. बुडबुडे लहान होत गेले आणि थांबले. डबा रिकामा झाला होता. पुढचा पंखा एकदा फिरून बंद झाला. मुलीने झाकण लावलं, आत बसून पाय दिला. इंजिन गरजलं. डॅशबोर्डमागून काही आलं नाही. किल्लीवाल्यांनी हीटरच्या जाळीवर हात धरला. वारा गरम होता, कुठल्याही गाडीत येतो तसा.

“अजून एकदा पाय दे,” ते म्हणाले.

तिने दिला. काही नाही. काटा मध्यावर स्थिर होता.

तेव्हा कुठे ते रडले. बायको गेल्यापासून ते चारचौघांत पहिल्यांदाच रडत होते. उरलेली माणसं अवघडून इकडेतिकडे बघायला लागली. अक्का नाक पुसत म्हणाली, “अरे, नको रडूस. तिला त्रास होईल.”

किल्लीवाल्यांनी चेहरा पुसला आणि बहिणीकडे वळले. आवाज मोठा नव्हता, पण आवारातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

“नाही होणार, अक्का. तिला आता तहान लागत नाही, दाह होत नाही, राग येत नाही. ती गेली. हे कळायला मला एवढे दिवस लागले, कारण तुम्ही सगळे गाडीला विचारत बसलात आणि मीही बसलो. उद्या कुठे आवाज आला तर आधी झाकण उघडून बघा, गार झाल्यावर. कुणी शाल पांघरून बसला तर शाल उचलून बघा. आणि कुणाला काय होतंय, हेच जर विचारायचं असेल, तर जे होतंय ते मला होतंय. मला विचारा. मी जिवंत आहे, मला बोलता येतं.”

मग बँकेतल्या बाई पुढे आल्या. पिशवी खाली ठेवली.

“किल्लीवाले,” त्यांनी विचारलं, “जेवलात का?”

“नाही,” किल्लीवाले म्हणाले.